लॅटिनचं आवार, आबांचं वाडगं

जुनी वस्तू पाहायला कुणाच्या गावी जाणार असाल, तर माझा एकच सल्ला आहे: आधी कळवू नका. सरळ जाऊन दारात उभे राहा, दोन वेळा उपाशी राहा, पण कळवू नका. मी कळवलं. नुसतं कळवलं नाही, व्हॉट्सॲपवर चांगलं सविस्तर लिहिलं, की तुमच्या मळ्यातलं गुरांचं वाडगं बघायला येतेय, त्याचा फोटो माझ्या पुस्तकात छापायचा आहे, खाली तुमच्या वडिलांचं नावही टाकीन. या मेसेजने जे घडवलं ते कुणाला सांगितलं तरी लोक हसतात. त्यांना हसू येतं, कारण ते तिथे नव्हते.

आधी पुस्तकाचं सांगते, म्हणजे या बाईला साठीला आल्यावर गुरांच्या वाडग्यात, म्हणजे काटेरी कुंपणातल्या जागेत, काय बघायचं होतं असं कुणाला वाटायला नको. मी पुण्यात तीस वर्षं फ्रेंच आणि इटालियन शिकवते आहे. शब्द कुठून निघाले आणि हिंडत हिंडत कुठे पोचले याचं मला भारी वेड, आणि त्या वेडाचं आता पुस्तक होतंय. त्यातलं माझं लाडकं प्रकरण एका लॅटिन शब्दाचं आहे. 'कोहोर्स' म्हणजे कुंपण घातलेलं आवार, जिथे गुरं, कोंबड्या, शेतीची अवजारं ठेवायची ती जागा. बोलणाऱ्यांच्या तोंडी घासून घासून त्याचं 'कोर्तेम' झालं आणि मग त्याची पोरं देशोदेशी पांगली. इटलीत 'कोर्ते', फ्रान्समध्ये 'कूर', रोमानियात 'कुर्ते'. ज्याचं आवार मोठं त्याच्याभोवती माणसं जमायला लागली, त्या माणसांना तेच नाव पडलं, आणि बघता बघता कोंबड्यांच्या आवाराचा राजाचा दरबार झाला. दरबारात न्यायनिवाडा व्हायचा, म्हणून न्यायाच्या जागेलाही तेच नाव. शहाण्याने ज्याची पायरी चढू नये ते आपलं कोर्टसुद्धा याच कुळातलं, फ्रेंचमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून आपल्या उरावर आलेलं. पण सगळीच पोरं काही दरबारी झाली नाहीत. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात 'कोर्ते' म्हणजे अजून गोठाच. फ्रेंच लोक राजाच्या दरबाराला 'कूर' म्हणतात आणि घरामागच्या खुराड्याच्या अंगणाला 'बास-कूर', म्हणजे खालचं आवार.

हे सगळं मला पुस्तकांतून माहीत होतं. जमिनीवर ते मी पहिल्यांदा पाहिलं संभाजीनगरजवळच्या वाळूजला. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका कारखान्यात इटलीहून मोठं यंत्र आलं होतं आणि ते बसवणाऱ्या माणसासाठी मी महिनाभर दुभाषी होते. माणसाचं नाव लुचानो, पो नदीच्या खोऱ्यातला, पोटाने आणि मनाने मोठा. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने बाहेरच्या धुळीत पान्याच्या टोकाने आजोबांच्या शेतावरचं कोर्ते काढून दाखवलं. एका बाजूला घर, एका बाजूला गोठा, उरलेल्या बाजूंना भिंत, मधे मोकळं अंगण आणि आत यायला एकच फाटक. त्या यंत्रावर काम करायला नेमलेला भगवान नावाचा मुलगा डबा खाता खाता ते बघत होता. तो म्हणाला, "हे तर आमच्या आबांचं वाडगं हाय. भिंतीच्या जागी नुसतं काटं." आबा म्हणजे त्याचे वडील. मी भाषांतर केलं. मग भगवानने शेजारी आपलं वाडगं काढलं. पुढचा अर्धा तास ते दोघं एकमेकांच्या आवारात बोटं घालत कुठे पाणी, कुठे चारा, वासरं कुठे बांधायची हे दाखवत बसले आणि दुभाष्याची कुणालाही गरज पडली नाही. मला वाटलं, आपल्या प्रकरणाचा शेवट सापडला. रोमनांचं दगडी आवार आणि मराठवाड्यातलं काटेरी वाडगं, समोरासमोर दोन पानांवर दोन फोटो. लुचानोने त्याच्याकडचा फोटो लगेच पाठवला. भगवानकडचा आणायला मला सवड व्हायला यंदाचा मार्गशीर्ष उजाडला.

शुक्रवार. शहर

पुण्याहून बसने संभाजीनगरला पोचेपर्यंत दुपार झाली. नान-खलिया खायचा असं मनाशी ठरवून निघाले होते. पहिल्या दुकानात संपला होता. दुसऱ्या दुकानातल्या माणसाने, आता या वेळेला खलिया मागणारी बाई कुठून आली, अशा नजरेने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मग संपला असं सांगितलं. शेवटी लॉजच्या खाली मिळालेला गार पुलाव खाल्ला आणि उरलेली दुपार दरवाजे बघायला रिक्षा केली.

बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. त्यातले पुष्कळ पडले, काही उभे आहेत, आणि बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजूंची तटबंदी मात्र गेली आहे. म्हणजे भिंत नाही, नुसतं दार. आणि अशा एका दाराशी आमचा रिक्षावाला जो अडकला तो वीस मिनिटं. बाजूने दोन रिक्षा सहज जातील एवढा मोकळा रस्ता होता. तरी याने रिक्षा कमानीत घातली, समोरून मंडपाचं सामान भरलेला टेम्पो आला, मागे तीन मोटरसायकली चिकटल्या, आणि मधे मी. टेम्पोवाला मागे जाईना, कारण त्याच्याही मागे लोक. मी दोनदा सांगून पाहिलं, की अहो, बाजूने काढा ना. तिसऱ्यांदा जरा आवाज चढवून सांगितलं तेव्हा रिक्षावाल्याने मान वळवली आणि मला समजावलं, "दरवाजा है तो दरवाजे में से जाना मॅडम. बाजू से बकरियां जाते."

 शिकवायची सवय असलेल्या माणसाला असं कुणी शिकवलं की ताप येतो. लॉजवर परत आले तर भगवानचे चार मिस्ड कॉल होते. फोन लावला. त्याने एवढंच विचारलं, की मॅडम, नक्की येताय ना, कारण इकडे सगळी तयारी झाली आहे. तयारी या शब्दावर मी तेव्हाच दचकायला हवं होतं.

शनिवार. देवगाव रंगारी, आणि पुढे मळा

एसटीने दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ करत देवगाव रंगारीला जायला जितका वेळ लागायला हवा त्याहून बराच जास्त लागला. वाटेत भगवानने सहा वेळा फोन करून मी कुठवर पोचले ते विचारलं. स्टँडवर उतरले आणि समोर मीच उभी होते. फ्लेक्सवर. व्हॉट्सॲपवरचा माझा गोल फोटो ताणून पुरुषभर मोठा केलेला, चष्म्यात शेजारच्या कुंडीचं प्रतिबिंब, आणि खाली 'आंतरराष्ट्रीय लेखिका यांचे सहर्ष स्वागत'. माझं अजून एकही पुस्तक आलेलं नाही. हे मी घ्यायला आलेल्या भगवानला सांगितलं. तो म्हणाला, येईलच की आता, आपल्या वाडग्याचा फोटू घातल्यावर.

तिथून मळा भगवानच्या मोटरसायकलवर दोन किलोमीटर. पण मधे पाच घरं. पुण्यात पाहुणा एकदा चहा नको म्हणाला की विषय संपतो. इथे नको म्हटलं की अर्धा कप येतो, अर्धाही नको म्हटलं की दूध येतं, आणि दूध नको म्हटलं की घरातली बाई कष्टी होते. मी दूधही प्यायले. पाचव्या घरी केळी दिली. प्रत्येक ठिकाणी भगवान मोठ्या कौतुकाने सांगत होता, की मॅडम आपलं वाडगं इटलीवाल्यांना दाखवणार आहेत. लोक त्याच्याकडे बघून माना डोलवत होते आणि एकमेकांकडे बघून तोंडावर आलेलं काही तरी गिळत होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मळ्यात पोचलो. मोटरसायकलवरून उतरले, पदर सारखा केला, मोबाइल बाहेर काढला आणि वाडगं शोधायला लागले. समोर चकचकीत तारेची जाळी होती. सिमेंटचे खांब, खांबांना चुना आणि गेरू, आत अर्ध्या भागात नवा कोबा, कोब्यावर रांगोळी. रस्त्याच्या अंगाला निळं लोखंडी गेट आणि गेटला आंब्याच्या डहाळ्या. म्हटलं, असेल काही तरी नवीन, वाडगं मागे असेल.

"वाडगं कुठंय रे?" मी विचारलं.

"हेच की मॅडम," भगवान म्हणाला. "तुमी येनार म्हनून एक नंबर करून टाकलं."

माझ्या तोंडून जे निघालं ते फ्रेंचमध्ये होतं, हे त्यातल्या त्यात बरं. नंतर मी जवळच्या, गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीच्या काठावर बसले. भगवान घाबरला, पाणी आणायला धावला. पाणी पिऊन झाल्यावर मी त्याला शक्य तितक्या शांतपणे विचारलं, की बाबा, मी काय लिहिलं होतं? मला जुनं वाडगं बघायचं आहे असंच लिहिलं होतं ना? तो म्हणाला, होय, तसंच लिहिलं होतं. मग? तर म्हणे पुस्तक म्हणजे काही साधी गोष्ट नाही, ती पन्नास-शंभर वर्षं राहते. त्यात काट्याकुट्यांचा फोटो कसा घालायचा? लोक म्हणतील, वाळूजला कंपनीत कामाला आहे आणि घरी अजून काटे. लुचानोसाहेबाची भिंत एका पानावर आणि समोरच्या पानावर आमची बाभळीची काटेरी फेसाटी? शोभेल का? त्याने कामावर रजा टाकली होती. मंगळवारी काटे उपसले, बुधवारी खांब रोवले, पुढच्या दोन दिवसांत तीन बाजू झाल्या. चौथ्या बाजूला, म्हणजे ओढ्याकडच्या अंगाला, जाळी कमी पडली होती. ती सोमवारी येणार होती. तेवढी बाजू फोटोत घेऊ नका, असंही त्याने मला सांगितलं.

ज्या माणसाने केवळ आपल्या शब्दाला मान देऊन आपलं काम मातीत घातलं, त्याच्यावर रागावता येत नाही. हा सगळ्यात वैतागाचा राग. तो आतल्या आत फिरत राहतो.

जेवायच्या आधी चुलीपाशी भगवानच्या बायकोने, सुरेखाने, मला खरी गोष्ट सांगितली. ते वाडगं आबांचं होतं. म्हणजे जमीन सगळ्यांची, पण वाडगं आबांचं. दर वर्षी दिवाळी झाली की आबा बाभळी आणि बोरी छाटायचे आणि कुंपण नव्याने रचायचे. चाळीस वर्षांत त्यात खंड नाही. या वर्षीचं रचून महिनाही झाला नव्हता. मंगळवारी आबा फुलंब्रीला लेकीकडे गेले होते, नातीच्या लग्नाची सुपारी फुटायची होती. बुधवारी दिवस कलताना परत आले तेव्हा काट्यांचा ढीग ओढ्याच्या काठी पडलेला आणि खांब उभे. आबांनी टोपी काढली, ढिगाशेजारी बसले. त्या दिवसापासून आबा सुनेशी बोलतात, गुरांशी बोलतात, आणि भगवानशी एक अक्षर नाही. ताटसुद्धा गुरांजवळ मागून घेतात.

मी म्हटलं, तीन दिवसांचा राग आहे, जाईल. सुरेखाने मान हलवली.

"तुमाला म्हाईत नाय मॅडम. मागं बोर कुठं घ्यायचा यावरून आठ महिने बोलले न्हवते. मंधी माझं पोटातलं गेलं तरी बाप-लेक दोन खाटांवर. आता ह्यांची सोमवारी पहिली पाळी हाय. उद्या जातील. असंच गेले तर मंग हे सुट्टीला यायचे बंद व्हतील अन् आबा इचारायचे बंद व्हतील. अन् मंधी मी."

ती हे भाकरी थापता थापता सांगत होती, थाप चुकत नव्हती. जेवायला येसराची आमटी, बाजरीची भाकरी, ठेचा आणि मुळ्याची कोशिंबीर होती. इतकी चांगली आमटी मी फार वर्षांत खाल्ली नव्हती आणि ती मला गिळवत नव्हती. तो सविस्तर मेसेज करणारी मीच ना?

दुपारी आबांकडे गेले. ढिगातून चांगली फेसाटी निवडून बाजूला लावत होते. फेसाटी म्हणजे काटेरी फांदी, हाताएवढी जाड, पुरुषाहून लांब. हातात काही न घालता ते ती अशी उचलायचे की काटा लागतच नव्हता. मी सरळ सांगितलं, की आबा, चूक माझी आहे, मी कळवलं म्हणून हे झालं. आबांनी मला खाली बसायला पोतं दिलं आणि विचारलं, की इतक्या लांबून काटे बघायला का आलात? मग मी त्यांना सगळं सांगितलं. लॅटिन, आवार, कोंबड्या, दरबार, कोर्ट. वर्गात सांगते त्याहून चांगलं सांगितलं असावं, कारण त्यांनी मधे एकदाही दुसरीकडे पाहिलं नाही. आपल्याकडेही वाडगं आणि राजवाडा हे शब्द एकाच घरातले आहेत, हेही सांगितलं. त्यावर ते जरासे हसले.

"मंग त्यांचं ऱ्हायलं का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"आवार."

मी म्हटलं, लुचानोच्या आजोबांचं भाड्याने दिलंय, तिथे हॉटेल झालंय. पुष्कळ ठिकाणी तसंच. शब्द राहिले.

"नाव तरी ऱ्हायलं म्हना," आबा म्हणाले. "जाळीला कोन वाडगं म्हनंल? कंपाउंड म्हनत्यात." थोड्या वेळाने, हातातल्या फांदीकडे बघत ते म्हणाले, "त्यानं इचारलं असतं तर मीच म्हनलो असतो, काढ बाबा. मलाबी आता वाकवत नाय. इचारलं नाय."

मी हे भगवानला जाऊन सांगितलं. आजवर इतका दुभाषेपणा केला, इथे काय अवघड आहे असं वाटलं. एका मराठी माणसाचं बोलणं दुसऱ्या मराठी माणसाला सांगायचं. भगवान म्हणाला, आबांनी तरी मला विचारलं का, की का काढलं म्हणून? आल्या आल्या तोंड फिरवून बसले. चार दिवस मी उन्हात राबलो, एका शब्दानं तरी बरं केलं म्हणाले का? हे आबांना सांगायला मी परत ओढ्याकडे गेले नाही. माझे पाय दुखत होते, आणि मला दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घालावासा वाटत होता.

दिवस मावळायच्या बेताला गुरं आली. सुरेखा मागे होती, पण गुरांना वाट दाखवायची गरज नव्हती. दोन बैल, चार गाई, एक म्हैस आणि वासरं. मी आधीच सांगितलं, की ओढ्याकडची चौथी बाजू सबंध उघडी होती. चांगली चाळीस पावलं रुंद. काटे नाहीत, जाळी नाही, तुराट्यांचं जुनं कवाड उपसून ढिगावर टाकलेलं, कवाडाचे खांबसुद्धा काढून खड्डे बुजवलेले. गुरांनी कुठूनही शिरावं. तर पुढची तांबडी गाय ओढ्यातून वर आली आणि थांबली. बाकीची तिच्या मागे एका ओळीत उभी राहिली. मग तिने मान उजवीकडे घेतली, डावीकडे काटा असावा तशी, अंग चोरलं, आणि बरोबर एका जागेवरून आत गेली. तिच्या मागे दुसरी, त्याच जागेवरून, तशीच मान वळवून. मग बैल, मग म्हैस. चाळीस पावलं मोकळी पडलेली असताना सगळी गुरं दीड हाताच्या वाटेतून गेली. आत जाऊन नव्या कोब्यावरची रांगोळी तुडवत आपापल्या खुंट्याच्या जागी उभी राहिली. खुंटेही काढलेलेच होते.

आबा त्या नसलेल्या कवाडाशी उभे होते. आत जाणाऱ्या प्रत्येक गुराच्या पाठीवर त्यांचा हात पडत होता. शेवटचं वासरू आत गेलं आणि आबांनी कवाड ओढून घ्यायला हात लांब केला. हात तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि धोतराला पुसला.

माझ्या हातात मोबाइल होता आणि मी फोटो काढला नाही. निळ्या गेटपाशी भगवान उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं. तो मोटरसायकल पुसायला लागला, जी सकाळीच पुसून झाली होती. मला शुक्रवारचा रिक्षावाला आठवला. त्याच्यावरचा माझा राग गेला, पण हे त्याला कुठे जाऊन सांगू?

रविवार. ओढ्याकडची बाजू

फोटोचं आधीच सांगून टाकते. पुस्तकात जो फोटो जाणार आहे त्यात तीन बाजूंना जाळी आणि चौथ्या बाजूला काटे आहेत. संपादकांचं म्हणणं, हा नमुना शुद्ध नाही आणि समोरच्या पानावरच्या इटालियन फोटोशी त्याचा मेळ बसत नाही. बसू नये. कुठल्या शब्दाचा तरी मूळ शब्दाशी नीट मेळ बसतो?

सकाळच्या एसटीने मी निघणार होते. चहा घेऊन बाहेर आले तर आबा एकटेच चौथ्या बाजूला काटे रचत होते. जाळी उद्या येणार, हे त्यांना माहीत होतं.  पिशवी खाली ठेवून मी बघत राहिले, आणि पाच मिनिटांत कळलं की हे एकट्याचं काम नाही. फेसाटी आडवी टाकायची, एकाने ती लाकडी बेळक्याने, म्हणजे दोन फाट्यांच्या काठीने, धरून दाबायची आणि दुसऱ्याने बुंध्यावर पाय देऊन ती खालच्या थरात बसवायची. पाय न देता सोडली की ती उसळून वर येते. आबा बेळकं धरायचे, मग बेळकं सोडून स्वतःच पाय द्यायला जायचे, तोवर फांदी उसळायची. तीनदा तसं झालं. चौथ्यांदा मी पुढे झाले.

माझ्या पायात पुण्याच्या चपला होत्या. पहिल्या फेसाटीवर पाय ठेवला तो नीट बसला आणि मला उगाचच अभिमान वाटला. दुसऱ्या वेळी काटा चपलेतून सरळ टाचेत. त्या क्षणी मला रोमन लोक, त्यांच्या कोंबड्या, माझा प्रकाशक आणि माझा स्वतःचा स्वभाव, सगळ्यांचाच संताप आला. आबा म्हणाले, बसा बाई, तुमचं काम नव्हं ते. सुरेखा सुई घेऊन आली, मला डोणीच्या काठावर बसवलं आणि टाच मांडीवर घेऊन काटा काढायला लागली. काटा खोल गेला होता. मी ओरडत नव्हते, पण गप्पही नव्हते. भगवान समोरच जाळीवाल्याशी फोनवर बोलत होता. माझ्याकडे बघत होता, आबांकडे बघत होता, आणि पलीकडचा माणूस उद्याचं काही विचारत असताना हा नुसता हं हं म्हणत होता.

आबांनी पुढची फेसाटी टाकली. बेळक्याने धरली. पाय द्यायला कुणी नव्हतं. त्यांनी ती सोडली नाही. तसेच वाकून उभे राहिले, बेळक्यावर दोन्ही हात. सुरेखाची सुई थांबली.

भगवानने फोन खिशात टाकला आणि घरात गेला. मला वाटलं, गेला. पिशवी भरायला गेला असेल. बाहेर आला तेव्हा त्याच्या पायात कंपनीचे बूट होते, पुढे लोखंडी टोपी असलेले, वाळूजच्या पाळीवर घालायचे. नाड्या न बांधताच तो चालत आला, फेसाटीच्या दुसऱ्या अंगाला उभा राहिला आणि वडिलांकडे न बघता खाली काट्यांकडे बघत म्हणाला, "ठेवू का, आबा?"

आबांनी त्याच्या बुटांकडे पाहिलं. 

"इथं नाय," आबा म्हणाले. "बुंध्याकडं. हां. आता ठेव."